माजी आमदार राज्यशास्त्राच्या वर्गात : कोल्हापुरातील एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली माणसे आणि महाविद्यालय अभ्यासासाठी रचलेले आहे. नियम, कलमे, निवाडे आणि सार्वजनिक घटनांच्या तारखा मात्र प्रत्यक्षातल्या आहेत. एखादे महाविद्यालय उद्या असाच निर्णय घेणार असेल, तर त्याला हा कागद समोर ठेवून काम करता यावे, अशा बेताने मांडणी केली आहे.

माणूस आणि जागा

कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ. त्यांतल्या एका ग्रामीण मतदारसंघाचे हे दोन वेळचे आमदार : २००९ ते २०१४ आणि २०१४ ते २०१९. त्याआधी २००२ ते २००७ जिल्हा परिषद सदस्य. २०१९ ला पडले, पुन्हा उभे राहिले नाहीत. २०२४ साली वय ५८. शिक्षण शिवाजी विद्यापीठाची राज्यशास्त्रातली एम.ए., साल १९८९, गुण ५३ टक्के, प्रवर्ग खुला. हे ५३ टक्के लक्षात ठेवावेत. पुढचे अर्धे प्रकरण त्यांच्यावर उभे आहे.

प्राध्यापकाने आमदार होणे कोल्हापूरला नवे नाही. प्रा. एन. डी. पाटील आधी शिक्षक होते, मग विधान परिषद, पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात सहकार खाते, आणि १९८५ ते १९९० कोल्हापूरचे आमदार. नावामागचे ‘प्रा.’ शेवटपर्यंत टिकले. उलटा प्रवास, म्हणजे आमदारकी करून मग खडू हातात घेणे, क्वचित घडतो. माजी आमदार सहसा संस्थाचालक होतो, शिक्षक होत नाही. त्यामुळे शहरातल्या एका स्वायत्त महाविद्यालयाच्या प्राचार्यांपुढे हा विषय आला, तेव्हा कार्यालयात पहिला प्रश्न पडला तो साधाच : यांना कुठल्या दारातून आत घ्यायचे?

दार कुठले?

नियमित सहायक प्राध्यापकाचे दार पहिल्याच फटक्यात बंद झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती, नॉन-क्रिमिलेअर इतर मागासवर्ग आणि दिव्यांग उमेदवारांना ५ टक्क्यांची सवलत आहे. हे खुल्या प्रवर्गातले, म्हणजे दोन टक्के कमी.

संस्थेतल्या एका जाणकाराने मग एक जुनी सवलत शोधून काढली. १९ सप्टेंबर १९९१ पूर्वी एम.ए. झालेल्या पीएच.डी. धारकांना ५५ ऐवजी ५० टक्के चालतात. एम.ए. १९८९ ची, म्हणजे तारखेत बसते. मग पीएच.डी. करून घेऊ की! पण पीएच.डी.च्या २०२२ च्या विनियमांत प्रवेशासाठीच पुन्हा ५५ टक्के. सेट, म्हणजे सहायक प्राध्यापकपदाची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा, द्यायची म्हटली तर तिच्या अर्जाला तीच अट. वयाची आडकाठी सेटला नाही, टक्क्यांची आहे. म्हणजे सवलत मिळवायला पीएच.डी. हवी आणि पीएच.डी.ला बसायला जे हवे ते नाही. सगळे जमले असते तरी पीएच.डी.चा किमान कालावधी तीन वर्षे आणि राज्यातल्या अनुदानित महाविद्यालयांत शिक्षक साठाव्या वर्षी निवृत्त होतो. गणित कुठूनही सुटत नव्हते. असे अर्ज पाहणाऱ्यांनी गुणपत्रिका सगळ्यात आधी मागवावी. इथे ती तिसऱ्या बैठकीत आली. तोवर ‘साहेब प्राध्यापक होणार’ ही बातमी बिंदू चौकापर्यंत पोचली होती.

उरले ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे दार. आयोगाने २०२२ मध्ये त्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. औपचारिक पदवीची अट इथे नाही. हवा आहे तो आपल्या क्षेत्रातला किमान १५ वर्षांचा अनुभव, शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. क्षेत्रांच्या यादीत सामाजिक शास्त्रे आणि लोकप्रशासन आहे. आज शिक्षक असलेला किंवा शिक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस मात्र चालत नाही. एखाद्या माजी आमदाराने पूर्वी महाविद्यालयात नोकरी केली असेल तर तो इथेच अडकतो.

आमदारकीची वर्षे दहाच भरत होती. जिल्हा परिषदेची पाच धरली तेव्हा पंधरा झाली. ‘वरिष्ठ पातळी’ ही शक्यतोची अट आहे, सक्तीची नाही, म्हणून जिल्हा परिषद धरता आली. निवड समितीने हे इतिवृत्तात नोंदवून घेतले आणि तेच शहाणपणाचे ठरले, कारण वर्षभराने माहिती अधिकारात हाच मुद्दा विचारला गेला.

प्रक्रिया अशी : संस्थाप्रमुख नामनिर्देशन मागवतो किंवा थेट आमंत्रण देतो. दोन वरिष्ठ प्राध्यापक आणि बाहेरचा एक नामवंत सदस्य यांची समिती शिफारस करते. विद्या परिषद आणि त्यावरचे प्राधिकार मंडळ निर्णय घेते. अशा नेमणुका मंजूर पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असता कामा नयेत, आणि त्या मंजूर पदांच्या बाहेर धरायच्या. म्हणजे त्यांच्यामुळे एकही नियमित पद खायचे नाही. महाविद्यालयात मंजूर पदे ५८, म्हणजे जास्तीत जास्त पाच. मुदत आधी एक वर्ष, नंतर वाढवत तीनपर्यंत, अपवादाने आणखी एक. चारच्या पुढे कोणत्याही कारणाने नाही. प्रकार तीन : उद्योगांच्या पैशातून, संस्थेच्या स्वतःच्या पैशातून आणि मानद.

मानद प्रकार निवडला. विधिमंडळाचे निवृत्तिवेतन आहेच : पाच वर्षांच्या एका मुदतीला ५०,००० रुपये आणि पुढच्या प्रत्येक वर्षाला २,००० अधिक, म्हणजे दहा वर्षांचे ६०,०००. मानधन घ्यायचे ठरले असते तर निवृत्तिवेतनावर काय परिणाम होतो ते विधानमंडळ सचिवालयाकडून आधी लेखी घ्यावे लागले असते. पैसा नाही म्हणून ती पायरीच टळली. पण मानद ठेवण्याचे खरे कारण विभागातच होते. त्याकडे पुढे येऊ.

पहिले सत्र : गर्दी आणि गळती

अभ्यासक्रम ठरला ‘विधिमंडळाचे कामकाज’, दोन श्रेयांकांचा (क्रेडिटचा) कौशल्य विषय. थिअरीच्या एका श्रेयांकाला १५ तास, म्हणून ३० तास. वेळापत्रकात आठवड्याला दोन तासिका टाकल्या, पंधरा आठवडे, हिशेब संपला. चूक इथेच झाली. महाविद्यालयाची तासिका ४८ मिनिटांची. तीस तासिका म्हणजे २४ तास, सहा कमी. ३० तास भरायला ३८ तासिका लागतात. परीक्षा विभागाने यावर बोट ठेवले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता, आणि त्या ऑक्टोबरात काय झाले ते निराळेच.

पहिल्या दिवशी नोंदणी ४८ विद्यार्थ्यांची आणि वर्गात दीडशे माणसे. कॉमर्सची मुले, दोन शिपाई, मागच्या बाकावर मतदारसंघातले सात-आठ कार्यकर्ते. साहेबांनी ४८ ऐवजी ७० मिनिटे घेतली. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातली थंडी, मंत्र्याला अडवलेला प्रश्न, एका निधीच्या पत्रामागची धावाधाव. टाळ्या पडल्या. दुसऱ्या आठवड्यात तेच, तिसऱ्या आठवड्यातही तेच. पाचव्या आठवड्यात वर्गात एकोणीस जण उरले.

मुलांची तक्रार रास्त होती : ऐकायला मजा येते, वहीत काय लिहायचे? भाषण आणि तास यांत फरक आहे. भाषणात ऐकणाऱ्याला काहीतरी वाटले की काम झाले. तासानंतर त्याला काहीतरी करता आले पाहिजे. दहा वर्षे सभा गाजवलेल्या माणसाला हे सांगणे अवघड, आणि प्राचार्य ते सांगत नव्हते. शेवटी विभागातल्या सहायक प्राध्यापिका, ज्यांना या विषयाचे अंतर्गत गुण भरायचे होते, त्यांनीच सांगितले. दहावी अनुसूची, म्हणजे राज्यघटनेतला पक्षांतरबंदीचा भाग, शिकवून झाल्यावर त्यांनी दहा गुणांची चाचणी घेतली होती. ती वही त्यांनी साहेबांपुढे ठेवली. एकोणीसपैकी चौदा जणांनी लिहिले होते की एक-तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता लागत नाही.

ही तरतूद २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने गेली. मुलांनी ती साहेबांच्या किश्श्यातून उचलली होती, आणि किस्सा नव्वदच्या दशकातला होता. किस्सा खरा, कायदा शिळा. असेच एकदा विधान परिषद ‘विधेयक लटकवून ठेवते’ असे सरसकट सांगितले गेले. अनुच्छेद १९७ प्रमाणे साधे विधेयक परिषद पहिल्या खेपेला तीन महिने आणि दुसऱ्या खेपेला एक महिना अडवू शकते. अनुच्छेद १९८ प्रमाणे धन विधेयकाला फक्त १४ दिवस. दहा वर्षे सभागृहात बसलेल्याला हा फरक तोंडपाठ असतो, असे धरून चालू नये. तिथे तो फरक सचिवालय सांभाळते.

तास कसा बांधला

पुढे ठरले ते असे. प्रत्येक विषयाची पहिली तासिका मॅडमची : अनुच्छेद, नियम, व्याख्या. दुसरी आणि तिसरी साहेबांची, पण हातात कागद असल्याखेरीज नाही. किस्सा सांगायचा तर त्या दिवशीच्या कार्यवाहीचे पान सोबत हवे. सभागृहातला शब्द न् शब्द छापलेला असतो. आठवणीवर विसंबायचे कारण नाही. पहिल्यांदा त्यांनी स्वतःचेच एक भाषण काढून आणले. त्यांना आठवत होते ते वीस मिनिटांचे घणाघाती भाषण, छापील मजकूर दीड पानाचा, मध्ये दोनदा ‘व्यत्यय’. वर्ग हसला, तेही हसले. विषय खऱ्या अर्थाने रुळला तो त्या दिवशी.

मग तारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचे उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावे लागते त्या प्रश्नाचा, सराव. सबंध अभ्यासक्रमात सगळ्यात जास्त फळ याच सरावाने दिले, म्हणून जरा सविस्तर.

विषय दिला पंचगंगेचा. शिरोळकडच्या एका मुलाने लिहिलेला पहिला मसुदा असा होता : ‘पंचगंगा प्रदूषित करणाऱ्या भ्रष्ट अधिकाऱ्यांवर सरकार कधी कारवाई करणार आणि जनतेला स्वच्छ पाणी कधी मिळणार?’ साहेबांनी खडूने एकेक शब्द खोडायला सुरुवात केली. ‘भ्रष्ट’ हा आरोप आहे. प्रश्नात आरोप, उपरोध, तर्क चालत नाही. ‘सरकार’ म्हणजे कोण? नाल्याचे सांडपाणी असेल तर महापालिका, म्हणजे नगरविकास. कारखान्याचे असेल तर पर्यावरण. खाते चुकले की प्रश्न फिरत राहतो आणि अधिवेशन संपते. ‘कधी मिळणार’ याला मंत्री ‘लवकरच’ म्हणून बसतो. जागा नाही, महिना नाही. आणि एका वाक्यात दोन प्रश्न.

चाळीस मिनिटांनी फळ्यावर उरले ते हे :

(१) कोल्हापूर शहरातील जयंती नाल्याचे सांडपाणी प्रक्रियेविना पंचगंगा नदीत मिसळत असल्याचे माहे मे, २०२४ मध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले, हे खरे आहे काय,
(२) असल्यास, उक्त प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय,
(३) असल्यास, चौकशीत काय आढळून आले व त्यानुसार कोणती कारवाई केली वा करण्यात येत आहे,
(४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

हा सरावाचा मजकूर आहे, सभागृहातला नाही. पण घडण तंतोतंत तीच. ‘वा त्यादरम्यान’ हे दोन शब्द कशाला, असे एका मुलीने विचारले. घटना एकतीस मेऐवजी दोन जूनची निघाली तर खाते ‘हे खरे नाही’ म्हणून मोकळे होते. ते दार या दोन शब्दांनी बंद होते. अशा गोष्टी पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत, आणि माजी आमदाराला वर्गात आणायचे ते यासाठी. सभा तर कुणीही गाजवतो.

पुढच्या तासिकेला उलट काम : निम्मा वर्ग खात्याचा अवर सचिव. उत्तरे द्यायची तीही खऱ्या साच्यात. ‘हे खरे आहे’, ‘हे खरे नाही’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. ‘अंशतः खरे आहे’ दिसले की उपप्रश्न तिथेच टाकायचा, कारण खाते काहीतरी कबूल करून काहीतरी झाकते आहे. आणि प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर काय? पंचगंगेच्या बाबतीत हे विचारणे भागच. तेव्हा तेवढा भाग सोडून प्रश्न पुन्हा कसा बांधायचा, हाही सराव झाला. अंतर्गत वीस गुण या दोन कागदांना दिले. प्रत्येक मसुद्याला आधाराचे कात्रण किंवा सरकारी कागद जोडणे सक्तीचे. कात्रण नसेल तर पाच गुण वजा.

लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी, विधानसभेच्या नियमांतला नियम १०५), खासगी विधेयक, पुरवणी मागण्या हे सगळे याच पद्धतीने, पण कमी वेळात उरकले. आमदार स्थानिक विकास निधीवर मात्र मुले पुन्हा रेंगाळली. वर्षाला पाच कोटी म्हणजे आमदाराच्या खिशात पाच कोटी, अशी अर्ध्या वर्गाची समजूत होती. आमदार काम सुचवतो. प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक आणि देयक जिल्हा यंत्रणेकडून जाते. गावच्या सभामंडपावर नाव मात्र त्याचे लागते.

पक्षांतराचा तास आणि तोंडाचा लगाम

महाराष्ट्रात दहावी अनुसूची शिकवणे म्हणजे पेटत्या चुलीवर हात शेकणे. माजी आमदार शिकवणार म्हटल्यावर वर्गात पक्ष आलाच. इथे एक नियम घालून घेतला आणि तो कामी आला : पहिल्या दोन तासिकांत कोणत्याही पक्षाचे, कोणत्याही जिवंत नेत्याचे नाव नाही, फक्त परिच्छेद. परिच्छेद २(१)(क) स्वेच्छेने पक्षसदस्यत्व सोडणे, २(१)(ख) पक्षादेश मोडणे, परिच्छेद ३ (एक-तृतीयांश फुटीचा) वगळलेला, परिच्छेद ४ विलीनीकरण आणि त्याला दोन-तृतीयांश, परिच्छेद ६ निर्णय अध्यक्षांचा. मग १९९२ चा किहोटो होलोहन निवाडा : अनुसूची वैध, पण अध्यक्षांचा निर्णय न्यायालय तपासू शकते. त्यानंतरच शिवसेनेतल्या फुटीवरचा ११ मे २०२३ चा सुभाष देसाई निवाडा : प्रतोद नेमण्याचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, राज्यपालांनी बहुमत चाचणीला बोलावणे समर्थनीय नव्हते, पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीआधीच राजीनामा दिल्याने जुनी स्थिती परत आणता येत नाही. आणि मग त्याच फुटीतल्या अपात्रतेच्या अर्जांवरचा १० जानेवारी २०२४ चा अध्यक्षांचा निर्णय. मुलांना दोन्ही बाजूंनी युक्तिवाद लिहायला लावले. साहेबांनी आपले मत सांगायचे नाही, असे ठरले होते. ते त्यांनी दोनदा सांगितले. एकदा मुलांनीच थांबवले.

दुसरा लगाम जास्त महत्त्वाचा, आणि बहुतेक महाविद्यालयांच्या ध्यानात येत नाही तो. सभागृहात बोललेल्या शब्दावर अनुच्छेद १९४(२) प्रमाणे न्यायालयात कारवाई होत नाही. वर्गाला ते संरक्षण नाही. जे वाक्य आमदाराने २०१२ साली सभागृहात एखाद्या ठेकेदाराचे नाव घेऊन बेधडक म्हटले, तेच आज खोली क्रमांक १४ मध्ये म्हटले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीची फिर्याद होऊ शकते. दहा वर्षांची सवय जिभेवर असते. सप्टेंबरात असे एक नाव निघालेच, मागच्या बाकावरून मोबाइलवर चित्रफीत झाली, दोन दिवस गावभर फिरली. फिर्याद झाली नाही, पण प्राचार्यांचे दोन दिवस फोनवर गेले. त्यानंतर नेमणूक पत्रात ओळ वाढली : कार्यवाहीतला उतारा वाचून दाखवायचा, नावे गाळून, आणि वर्गात चित्रीकरण बंद.

‘साहेब’ आणि ‘सर’

गेटवरचा शिपाई उभा राहायचा. विभागात चहा आधी साहेबांपुढे यायचा, मग विभागप्रमुखांपुढे. मुले ‘साहेब’ म्हणायची. मॅडमनी वर्गात ‘सर’ म्हणायचे असा दंडक घातला. वरवर किरकोळ, पण मुले प्रश्न विचारू लागली ती त्यानंतर. साहेबाला निवेदन देतात, उलट प्रश्न करत नाहीत.

त्रास झाला तो भेटायला येणाऱ्यांचा. तास साडेअकराला, अकरापासून व्हरांड्यात माणसे. ‘साहेब, पोरग्याच्या अ‍ॅडमिशनचं तेवढं बघा की.’ ‘तलाठ्याला एक फोन टाका.’ यातली निम्मी कामे त्याच महाविद्यालयातल्या प्रवेशाची. म्हणजे शिक्षकच शिफारस घेऊन प्राचार्यांकडे जाणार. पहिल्या सत्रात अशी चार पत्रे गेली, जुन्या लेटरहेडवर. तिथे प्राचार्यांनी ठाम राहायला हवे होते, ते राहिले नाहीत. दोन प्रवेश प्रतीक्षा यादी ओलांडून झाले आणि विद्यार्थी संघटनांनी गेटवर घोषणा दिल्या. दुसऱ्या वर्षापासून तीन गोष्टी लेखी झाल्या : आवारात भेटी नाहीत, महाविद्यालयाशी संबंधित कोणतीही शिफारस नाही, गाडीवर झेंडा असेल तर गाडी गेटबाहेर.

निवडणूक आली

१५ ऑक्टोबर २०२४ ला विधानसभेची निवडणूक जाहीर झाली, मतदान २० नोव्हेंबरला, निकाल २३ ला. साहेब स्वतः उभे नव्हते, पण पक्षाने प्रचाराला बोलावले. तोवर २७ तासिका झाल्या होत्या, हव्या होत्या ३८. उरलेल्या अकरांपैकी साहेबांनी दोन घेतल्या. नऊ मॅडमनी, स्वतःच्या १६ तासांच्या आठवडी भाराशिवाय. त्याची नोंद कुठल्याच रकान्यात झाली नाही. जोडीने शिकवायच्या योजनेत जोडीदाराचे तास वर्कलोडमध्ये धरले नाहीत तर ती योजना त्या जोडीदाराच्या जिवावर चालते, आणि तो जोडीदार बहुतेक वेळा विभागातला सगळ्यात कनिष्ठ असतो.

प्रचार करणारा माणूस शिकवू शकतो का? मानद नेमणूक म्हणजे नोकरी नव्हे, त्यामुळे सेवाशर्तींचा फास नाही. पण सकाळी वर्गात आचारसंहिता शिकवून संध्याकाळी प्रचारफेरीत दिसणे वर्गाला खटकते, आणि फेरीत आपलीच मुले निघाली तर आणखीच. दुसऱ्या वर्षी उपाय केला : साहेबांच्या तासिका पहिल्या दहा आठवड्यांत, आठवड्याला तीन, आणि निवडणूक जाहीर झाल्यापासून निकालापर्यंत वर्गातून रजा.

त्या दुसऱ्या वर्षी एक आयता धडा हाती आला. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले : कोल्हापूर, सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. अनेक वर्षांचे आंदोलन, मोर्चे, वकिलांचे बहिष्कार. वर्गाला विचारले, हे कुणी केले? बहुतेकांचे उत्तर, विधानसभेने कायदा केला. मग १९५६ च्या राज्य पुनर्रचना अधिनियमातले कलम ५१(३) वाचले : राज्यपालांच्या मान्यतेने मुख्य न्यायमूर्ती अन्य ठिकाणी बैठक ठरवू शकतात. विधानसभा फार तर ठराव करू शकते. आमदाराच्या हातात काय नसते हे माजी आमदारानेच फळ्यावर लिहिले. जाहीर सभेत त्यांनी हे कधी सांगितले नसणार.

विभागातली खरी ठसठस

आता मानद नेमणुकीचे कारण. विभागात नियमित शिक्षक दोन, एक पद कित्येक वर्षे रिक्त, आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासापुरते मानधन मिळणारे, तिघे. तिघेही सेट झालेले, एक पीएच.डी. त्यांना दर सत्रात नव्याने अर्ज, नव्याने मुलाखत. सुट्टीचा पैसा नाही. त्यांच्या डोळ्यांदेखत ५३ टक्क्यांच्या माणसाला शाल-श्रीफळ देऊन वर्गात नेले. त्यांचा राग व्यक्तीवर नव्हता, पण होता. त्यात मानधनही दिले असते तर तो आणखी भडकला असता, म्हणून नेमणूक मानद. ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’चा मानद तास तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाच्या तासातून कापला तर तो सरळ अन्याय आहे, नियमित पद खायचे नाही, या अटीचा हेतूही मग उरत नाही. इथे तास कापले नाहीत, विषय नवा काढला. पण पहिल्या सत्रात हे तिघांना कुणी सांगितलेच नव्हते. वेळापत्रक लागल्यावर त्यांना ते कळले.

फेब्रुवारी २०२६ मध्ये वर्गात अभिरूप अधिवेशन झाले. साहेब मंत्र्याच्या बाकावर. तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न गडहिंग्लजच्या एका मुलीचा, तिने तो आधी कुणाला दाखवला नव्हता : राज्यशास्त्र विभागातले एक मंजूर पद रिक्त असल्याचे निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय, असल्यास, त्या पदाचा कार्यभार तासिका तत्त्वावरील शिक्षकांकडून करून घेतला जातो, हे खरे आहे काय, असल्यास, पद भरण्याबाबत कोणती कार्यवाही केली, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? तासिका तत्त्वावरचे दोघे मागे उभे होते. मंत्र्यांनी कागद पाहिला. ‘एक, हे खरे आहे. दोन, हे अंशतः खरे आहे.’ मुलीचा उपप्रश्न तयारच होता : अंशतः म्हणजे कोणता अंश खरा नाही? अध्यक्षांच्या खुर्चीतल्या मुलाने प्रश्न राखून ठेवला.

तिसऱ्या वर्षाच्या मुदतवाढीचा प्रस्ताव विद्या परिषदेपुढे गेला आहे. त्यात दोन बदल आहेत. मॅडमच्या जोडतासिका वर्कलोडमध्ये धरल्या आहेत. आणि दुसऱ्या व तिसऱ्या तासिकेची टिपणे, प्रश्नांचे नमुने, खोडलेले मसुदे यांची फाइल विभागाच्या नावावर करायची आहे, म्हणजे चार वर्षांची कमाल मुदत संपल्यावर विषय चालू राहील. त्या फाइलमध्ये आजवर ६२ तारांकित प्रश्न जमले आहेत. एकाला पाच गुण वजा आहेत, कात्रण नव्हते म्हणून.